मॉरिशसची लोकशाही आणि तिचे पराभूत

१२ मार्च १९६८ रोजी दुपारी पोर्ट लुई शहरातील शाँ द मार्स ह्या घोडदौडीच्या मैदानावर ब्रिटिशांचे निशाण उतरले आणि लाल, निळा, पिवळा व हिरवा अशा चार पट्ट्यांचा नवा ध्वज वर चढला. स्वातंत्र्याचा सोहळा म्हटला म्हणजे जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते, ते त्या दिवशी तेथे पुरते नव्हते. राणीच्या वतीने यावयाच्या राजकन्या अलेक्झांड्रा यांचा दौरा रद्द झाला होता. बेटावर आणीबाणी होती आणि सिंगापूरहून विमानाने आणलेले ब्रिटिश सैनिक अद्याप परत गेले नव्हते. सहा-सात आठवड्यांपूर्वीच राजधानीच्या मोहल्ल्यांतून माणसे मारली गेली होती. शिवाय आदल्या ऑगस्टमध्ये झालेल्या निवडणुकीत शंभरातील जवळजवळ चव्वेचाळीस मतदारांनी स्वातंत्र्य मागणाऱ्या आघाडीच्या विरुद्ध मत दिले होते. नवे निशाण वर जात असताना त्यांच्यापैकी पुष्कळजण घरी बसून राहिले.

असा जन्म झालेले राष्ट्र किती दिवस टिकेल, अशी शंका त्या काळी अनेक जाणत्यांनी बोलून दाखविली होती. ते टिकले. कसे टिकले आणि त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागली, हे समजून घेणे आपल्यासारख्या अनेकधर्मी, अनेकभाषी देशातील वाचकाला उपयोगाचे आहे, म्हणून हा प्रपंच.

मॉरिशस हे बेट आकाराने रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाएवढे. तेथे मूळचे रहिवासी असे कोणीच नाहीत. जो तो समुद्रावरून आलेला. आधी डच आले आणि गेले. १७१५ पासून फ्रेंचांनी उसाची लागवड व गुलामांची आयात दोन्ही वाढविली. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, पण जमीन, भाषा आणि चर्च फ्रेंच मळेवाल्यांच्या हाती राहू दिले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा साठ हजारांहून अधिक माणसे मुक्त झाली. मालकांना सरकारने नुकसानभरपाई दिली. गुलामांना काही मिळाले नाही. मुक्त झालेल्यांनी मळ्यांकडे पाठ फिरविली आणि त्यांच्या जागी हिंदुस्थानातून गिरमिटिये मजूर आणले गेले. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत असे सुमारे साडेचार लाख लोक पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. बहुसंख्य भोजपुरी मुलखातले, काही तमिळ, काही तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले मराठी. ह्या मराठी कुळांचे वंशज आजही त्या बेटावर आहेत. लोकसंख्येत ते शेकडा दोनच्या आसपास भरतात, गणपती बसवितात आणि शाळेत मराठी शिकतात.

मजुरांमध्ये मुसलमानही होते, हे आपल्याकडे विसरले जाते. मॉरिशसचा मुसलमान म्हटला की लोकांना पोर्ट लुईतील जुम्मा मशीद आणि तिच्या आसपासचे गुजराती पेढीवाले आठवतात. वस्तुतः बहुसंख्य मुसलमान हिंदूंच्याच जहाजातून, त्याच करारावर, त्याच उसाच्या फडात राबावयास आलेले होते. पेढीवाल्यांचे महत्त्व वेगळे. १९०१ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेहून परत येताना गांधीजींचे जहाज मॉरिशसला थांबले, तेव्हा त्यांचे स्वागत ह्याच मुसलमान व्यापाऱ्यांनी केले. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असे गांधीजींनी त्या वेळी सांगितल्याचे मॉरिशसची माणसे अद्याप अभिमानाने सांगतात.

दोन्ही गोष्टी घडावयास जवळजवळ अर्धे शतक गेले. १९४८ च्या निवडणुकीत प्रथमच, कोणत्याही एका भाषेत साधे वाक्य लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढ स्त्री-पुरुषास मत मिळाले. मतदारांची संख्या सुमारे बारा हजारांवरून एकदम सत्तर हजारांच्या वर गेली. विष्णुदयाल बंधूंच्या चळवळीने गावोगाव रात्रीच्या शाळा भरवून उसाच्या मजुरांना ह्या परीक्षेपुरती अक्षरे गिरवावयास लावली. मत मिळावे म्हणून एखाद्या समाजाने हातात पाटी धरावी, हे दृश्य इतिहासात फार वेळा दिसत नाही. १९५९ मध्ये सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला आणि राज्य कोणाचे येणार, हे सर्वांना दिसू लागले.

येथूनच भीतीला सुरुवात झाली. हिंदू निम्म्याहून थोडे अधिक. मुसलमान शेकडा सोळा-सतरा. चिनी तीनच्या आसपास. उरलेले सुमारे शेकडा अठ्ठावीस म्हणजे गुलामांचे वंशज क्रिओल आणि मूठभर फ्रेंच जमीनदार. राज्यघटनेने ह्या उरलेल्यांना 'सर्वसाधारण लोकसंख्या' असे मोठे विचित्र नाव दिले. ज्याची राहणी हिंदू, मुसलमान किंवा चिनी नाही तो ह्या सदरात, अशी व्याख्या! मळ्याचा मालक आणि त्याच्या आजोबाने विकत घेतलेल्या माणसाचा नातू, दोघेही एकाच रकान्यात. डॉ. शिवसागर रामगुलाम यांच्या मजूर पक्षाचे राज्य आले म्हणजे 'हिंदूंचे राज्य' येणार, अशी हाकाटी गाएताँ द्युवाल यांच्या पक्षाने केली. द्युवाल स्वतः क्रिओल, बोलण्यात मोहक आणि गरीब क्रिओलांचे दैवत. स्वातंत्र्याऐवजी इंग्लंडशी संलग्न राहावे, असे त्यांचे म्हणणे होते.

मुसलमान मधोमध सापडले. त्यांचे पुढारी अब्दुल रझाक महंमद हे जन्माने कलकत्त्याचे. अल्पसंख्याकांना खात्रीची जागा द्या, मगच स्वातंत्र्याची भाषा करा, हा त्यांचा आग्रह. आपल्याकडील वाचकाला हा युक्तिवाद परका वाटणार नाही. १९०९ च्या सुधारणांनी हिंदुस्थानात स्वतंत्र मतदारसंघ आणले. मुसलमानाने मुसलमानालाच मत द्यावयाचे, मग दुसऱ्यांच्या दारात जाण्याची उमेदवाराला गरजच नाही. त्याचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. १९४९ पर्यंत आपल्या घटना समितीने धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागांची कल्पनाही सोडून दिली. मॉरिशसच्या घटनाकारांपुढे ही दोन्ही उदाहरणे होती. त्यांनी तिसरीच वाट काढली.

ती अशी. मतदारयादी सर्वांची एकच. बेटाचे वीस मतदारसंघ. प्रत्येकातून तीन प्रतिनिधी आणि प्रत्येक मतदाराने तिन्ही मते दिलीच पाहिजेत. रॉड्रिग्ज बेटाचे दोन मिळून बासष्ट. तिन्ही मते द्यावयाची म्हटल्यावर पक्षही तीन उमेदवार तीन जातीचे निवडू लागले. हिंदू उमेदवाराला मुसलमान मोहल्ल्यात आणि मुसलमानाला क्रिओल वस्तीत जावेच लागे. निकाल लागल्यावर मग हिशेब मांडावयाचा : लोकसंख्येच्या मानाने कोणत्या समाजाला सर्वांत कमी जागा मिळाल्या? त्या समाजाचा जो उमेदवार हरला, पण हरलेल्यांत ज्याला सर्वांत चांगली मते पडली, त्याला सभागृहात बोलवावयाचे. अशा जागा जास्तीत जास्त आठ. पहिल्या चार देताना समाज पाहावयाचा. उरलेल्या देताना पक्षांचे बलाबल बिघडणार नाही असे पाहावयाचे. इंग्रजीत ह्या योजनेला 'बेस्ट लूझर' म्हणतात. हरलेल्यांतला उत्तम! जगातील बहुतेक घटना जिंकणाऱ्याचे काय करावयाचे ते सांगतात. ह्या लहानशा बेटाने हरणाऱ्याचे काय, हा प्रश्न घटनेच्या परिशिष्टात लिहून ठेवला. मला ह्या सबंध इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट हीच वाटते.

७ ऑगस्ट १९६७ ला ह्या पद्धतीने निवडणूक झाली. रामगुलाम, सुखदेव विष्णुदयाल आणि रझाक महंमद यांच्या स्वातंत्र्य आघाडीला बासष्टांपैकी एकोणचाळीस जागा मिळाल्या, द्युवालना तेवीस. आठ 'उत्तम पराभूत' मिळवून झाले त्रेचाळीस आणि सत्तावीस. गणित चोख होते. पण रस्त्यावरच्या माणसाला परिशिष्टातील गणिताने शांत करता येत नाही. मुसलमानांच्या पुढाऱ्यांनी हिंदूंशी हातमिळवणी करून आम्हांला हरविले, असे पोर्ट लुईच्या क्रिओल वस्त्यांत बोलले जाऊ लागले. वस्तुतः द्युवाल यांना मत देणारे मुसलमानही थोडेथोडके नव्हते. जानेवारी १९६८ च्या उत्तरार्धात 'इस्तंबूल' आणि 'टेक्सास' अशा नावांच्या दोन गुंड टोळ्यांत चकमक झडली. पहिली मुसलमान पोरांची, दुसरी क्रिओलांची. एकाने खिलाफतीच्या शहराचे नाव घ्यावे, दुसऱ्याने अमेरिकन चित्रपटातल्या मुलखाचे. दोघांपैकी एकानेही ते गाव पाहिलेले नसणार. टोळ्यांचे भांडण दोन-तीन दिवसांत दोन समाजांचे झाले आणि दहा दिवस चालले. पंचवीसहून अधिक माणसे मेली, शेकडो जखमी झाली. मृतांचा आकडा आपल्याकडील दंगलींच्या मानाने लहान वाटेल, पण सबंध देशाची वस्तीच आठ लाखांची होती.

ह्या दंगलीचे खरे नुकसान मृतांच्या आकड्यात दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच गल्लीत राहिलेली मुसलमान आणि क्रिओल कुटुंबे घरे सोडून आपापल्या लोकांत गेली. प्लेन व्हर्त मुसलमानांचे झाले, रोश ब्वा क्रिओलांचे. दंगल शमली की सैनिक परत जातात, पण बदललेले पत्ते परत बदलत नाहीत. येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. लढले ते गोदीत ओझी वाहणारे आणि एका नळावर पाणी भरणारे दोन गरीब समाज. उसाच्या मळ्यांचे मालक डोंगराळ भागातील क्युरपीपच्या थंड हवेत होते आणि त्यांच्या एकाही फडाला आच लागली नाही.

राष्ट्र जन्मले ते ह्या जखमेसह. पुढे काय घडले? रामगुलाम यांनी १९६९ मध्ये ज्यांना हरविले होते त्या द्युवाल यांनाच मंत्रिमंडळात घेतले आणि परराष्ट्र खाते त्यांच्या हाती दिले. स्वातंत्र्यच नको म्हणणारा माणूस स्वतंत्र देशाचा प्रतिनिधी म्हणून जगभर हिंडू लागला. ही चाल मोठ्या मनाची होती तशीच धूर्तपणाचीही. चव्वेचाळीस टक्क्यांना घरात घेतले. मात्र त्याची किंमत ताबडतोब वसूल झाली : दोन्ही मोठे पक्ष सत्तेत गेल्यावर विरोधक उरलाच नाही आणि १९७२ च्या सुमारास व्हावयाची निवडणूक १९७६ पर्यंत ढकलली गेली. १९७१ मध्ये संप मोडण्यासाठी पुन्हा आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, पुढारी तुरुंगात गेले. लोकशाहीच्या प्रकृतीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ही पाच-सहा वर्षे घाईने ओलांडू नयेत. मॉरिशस तेव्हा दुसऱ्या वाटेने जाण्याच्या अगदी बेतात होते.

ते त्या वाटेने गेले नाही ह्याचे श्रेय ज्यांना द्यावयाचे, त्यांत तरुणांचा वाटा मोठा. पॉल बेरांजे, देव वीरासामी आदी तरुणांनी १९६९ मध्ये एम.एम.एम. नावाचा लढाऊ पक्ष काढला. जातींची लढाई सोडा, मजूर आणि मालक यांच्या लढाईकडे पाहा, अशी त्यांची घोषणा. गोरा, तमिळ, मुसलमान, हिंदू असे सर्व त्यात होते. मे १९७५ मध्ये माध्यमिक शाळांतील हजारो मुलेमुली शाळा सोडून राजधानीकडे चालत निघाली. खाजगी शाळांची भरमसाट फी, गोऱ्या साहेबाच्या काळचा अभ्यासक्रम आणि परीक्षेपुरते शिक्षण, ही त्यांची तक्रार. शहराच्या वेशीवरील पुलावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला. सरकारने मुलांना पांगविले खरे, पण मागणी पांगविता आली नाही. मतदानाचे वय अठरावर आले आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. गरिबाच्या घरातील मुलींना ह्या एका निर्णयाने जेवढे मिळाले, तेवढे कोणत्याही राखीव जागेने मिळाले नसते असे माझे मत आहे.

डिसेंबर १९७६ च्या निवडणुकीत सत्तरांपैकी चौतीस जागा जिंकून एम.एम.एम. सर्वांत मोठा पक्ष ठरला. तरी अठ्ठावीसवाले रामगुलाम आणि आठवाले द्युवाल एकत्र आले आणि राज्य त्यांचेच राहिले. पहिला आलेला पक्ष रस्त्यावर उतरला नाही; साडेपाच वर्षे विरोधी बाकांवर बसून राहिला. जून १९८२ मध्ये त्याच्या आघाडीने मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा घेतल्या. राष्ट्रपिता म्हणविले जाणारे रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघातही पडले. त्यांनी निकाल मानला आणि खुर्ची सोडली. अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले. जुन्या पक्षांचे जे थोडे लोक त्या सभागृहात दिसले, ते 'उत्तम पराभूत' म्हणून. पुढच्या वर्षी पराभूत रामगुलाम यांनाच गव्हर्नर जनरल नेमण्यात आले. मधल्या काळात रझाक महंमद यांचा मुसलमान पक्ष नाहीसा होत गेला होता, कारण मुसलमान मतदार मोठ्या संख्येने ह्या सर्वजातीय पक्षाकडे वळले होते. संरक्षणाची तरतूद घटनेत असल्यामुळेच त्यांना जातीचा पक्ष सोडण्याचे धाडस झाले की काय, ह्याचा विचार वाचकांनीच करावा.

त्याच उसाच्या आणि गिरमिटियांच्या इतर वसाहतींकडे पाहा. फिजीला १९७० मध्ये स्वातंत्र्य मिळाले. तेथे मतदारयाद्या बहुतांशी वंशावर वेगळ्या ठेवल्या आणि सैन्य जवळजवळ सारे मूळ फिजी लोकांचे. १९८७ मध्ये भारतीयांच्या पाठिंब्यावरचे सरकार निवडून आले मात्र, महिन्याभरात कर्नल राबुका सैनिक घेऊन सभागृहात शिरले. गयानात साठीच्या दशकातील काळे-भारतीय रक्तपातानंतर १९९२ पर्यंत धड निवडणूकच झाली नाही. मॉरिशसने सैन्यच ठेवले नाही. पोलीस आणि एक निमलष्करी दल एवढ्यावर भागविले. बंड करावयास बराकच नव्हती.

पोटाचा प्रश्नही होताच. १९६१ मध्ये जेम्स मीड ह्या नामांकित अर्थशास्त्रज्ञाने बेटाचे भविष्य तपासून निराशेचा निर्वाळा दिला होता. हिवताप हटल्यामुळे लोकसंख्या झपाट्याने वाढत होती, निर्यात म्हणजे केवळ साखर, आणि नोकऱ्यांसाठी जातीजातींत भांडण ठरलेले. १९७२ मध्ये व्ही. एस. नायपॉल यांनीही ह्या बेटावर असाच उदास लेख लिहिला. निदान चुकले नव्हते. रोग्याने पथ्य पाळले. कुटुंबनियोजनात चर्च आणि सरकार दोघांनीही आपापल्या परीने काम केले. १९७० च्या कायद्याने निर्यातीचे कारखाने आले आणि पुढील दशकात हजारो मुली शिवणयंत्रांवर बसल्या. साखरेला युरोपात हमीचा भाव मिळाला. म्हाताऱ्यांना पेन्शन स्वातंत्र्यापूर्वीपासूनच होती, ती चालू राहिली. रोजगार मिळाला की माणूस शेजाऱ्याचा धर्म कमी विचारतो. अजिबात विचारीत नाही असे मात्र नाही, हे पुढील प्रकरणावरून कळेल.

अकरा वर्षांच्या मुलांची प्राथमिक शाळेची अखेरची परीक्षा हे मॉरिशसमधील प्रत्येक घराचे दुखणे होते. गुणानुक्रमाने पहिल्या काही मुलांना नामांकित शाळा, बाकीच्यांना जी मिळेल ती. ह्या क्रमांकात इंग्रजी आणि फ्रेंचचे गुण धरीत. हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी, अरबी ह्या 'पौर्वात्य भाषा' मुले शिकत, परीक्षा देत, पण गुण क्रमांकात धरले जात नसत. आमच्या मुलाने उर्दू किंवा मराठीत घातलेले श्रम फुकट का, हा पालकांचा प्रश्न रास्त होता. पण क्रिओलाने उलट विचारले, आमच्या मुलाला पूर्वजांची कोणती भाषा? त्याच्या पूर्वजांची भाषा गुलामांच्या जहाजातच बुडाली होती, आणि जी क्रिओल बोली सबंध बेट घरात बोलते ती शाळेत विषय म्हणून नव्हतीच. हाही प्रश्न तितकाच रास्त. १९९५ मध्ये जगन्नाथ सरकारने पौर्वात्य भाषांच्या बाजूने घटनादुरुस्ती मांडली. पुरेशी मते मिळाली नाहीत, सभागृह विसर्जित झाले आणि डिसेंबरच्या निवडणुकीत सरकारच्या हाती साठांपैकी एकही जागा लागली नाही. बाराखडीवरून सरकार पडले, असे म्हणावयास हरकत नाही! क्रिओल भाषा प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आली ती २०१२ मध्ये. मराठी आणि उर्दू शिकण्याची सोय पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या त्या शाळांत बेटाची स्वतःची बोली इतक्या उशिरा शिरली.

१९९८ मध्ये नव्या नोटा निघाल्या. त्यांवर इंग्रजीनंतर हिंदी आणि मग तमिळ मजकूर छापला होता. पूर्वीचा क्रम उलटा होता. तमिळ समाज खवळला आणि सरकारला सबंध नोटा मागे घेऊन क्रम पूर्ववत करावा लागला. हसू येण्याजोगी गोष्ट खरी, पण आपल्याकडे पाट्यांवरील भाषेच्या क्रमावरून जे घडते ते आठवून हसावे. फुटबॉलचेही तेच. मुस्लिम स्काउट्स, हिंदू कॅडेट्स, क्रिओलांचा फायर ब्रिगेड, चिन्यांचा ड्रॅगन्स. आणि गोऱ्या जमीनदारांच्या क्लबाचे नाव 'डोडो', म्हणजे ह्याच बेटावर नामशेष झालेला पक्षी. हे नाव ठेवणारा विनोदी होता की द्रष्टा, कोण जाणे. पुढे सरकारने नावांतील 'मुस्लिम' आणि 'हिंदू' काढविले. प्रेक्षक मात्र तेच राहिले.

१९९९ साली ह्या सर्वांचा स्फोट झाला. काया नावाने प्रसिद्ध असलेला लोकप्रिय क्रिओल गायक गांजा ओढल्याच्या आरोपावरून पकडला गेला आणि २१ फेब्रुवारीला पोलीस कोठडीत मृत आढळला. रोश ब्वामधून आग पसरली. पोलीस बहुतांशी हिंदू, मेलेला क्रिओल. एवढ्यावरून दंगलीला जातीचे रूप यावयास वेळ लागला नाही. चार दिवस बेट पेटलेले होते. राष्ट्रपती कासम उतीम आणि कार्डिनल जाँ मार्जो हे दोघे मिळून वस्त्यावस्त्यांतून फिरले, तेव्हा ते निवले. एक मुसलमान आणि एक कॅथलिक धर्मगुरू, १९६८ मध्ये एकमेकांशी लढलेल्या दोन समाजांतले. मे महिन्यात फायर ब्रिगेड आणि स्काउट्स यांच्या सामन्यानंतर जमावाने राजधानीतील एक जुगारघर पेटविले आणि सात माणसे जळून मेली. फुटबॉलची स्पर्धाच बंद करावी लागली. २००० मध्ये ती सुरू झाली ती जातींऐवजी प्रांतांच्या संघांची.

उतीम यांच्याविषयी आणखी एक सांगितले पाहिजे. न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर सरकारने दहशतवादविरोधी कायदा आणला. त्यातील तरतुदी नागरिकांच्या हक्कांवर घाला घालतात, असे त्यांचे मत पडले. फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांनी सही करण्यास नकार देऊन राष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला. पाठोपाठ तमिळ समाजातील उपराष्ट्रपतींनीही दिला. कायदा पुढे मंजूर झालाच, परंतु त्यावर सही कोणी नाकारली हेही नोंदले गेले. त्यानंतरच्या वर्षी, २००३ मध्ये, फ्रेंच वंशाचे बेरांजे पंतप्रधान झाले. हिंदू नसलेला पहिला पंतप्रधान.

मग लोकशाहीची प्रकृती उत्तम म्हणावयाची काय? सरकारे मतपेटीतून येतात आणि जातात. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीपूर्वी चोरून ध्वनिमुद्रित केलेली संभाषणे बाहेर आली, सरकारने समाजमाध्यमांवर बंदी घातली आणि लोकक्षोभामुळे दुसऱ्याच दिवशी उठविली. काही दिवसांनी मतदारांनी पुन्हा एकदा साठच्या साठ जागा विरोधी आघाडीला दिल्या आणि मावळत्या पंतप्रधानांनी पराभव मान्य केला. ही निरोगीपणाची खूण. पण सत्तेवर येणारी नावे पाहा : रामगुलाम आणि त्यांचे पुत्र, जगन्नाथ आणि त्यांचे पुत्र. शिवाय क्रिओल मोहल्ले मागेच राहिले. गुलामगिरी आणि गिरमिट ह्या दोहोंची चौकशी करणाऱ्या सत्य व न्याय आयोगाने २०११ मध्ये दिलेल्या अहवालात हिरावलेल्या जमिनींची दुखणी सविस्तर मांडली आहेत.

आणि तो 'उत्तम पराभूत'? त्याची कथा मोठी चमत्कारिक झाली. १९८२ नंतर शिरगणतीत समाज विचारणे बंद करण्यात आले. माणसांना जातीच्या रकान्यात बसवू नये, हा हेतू चांगला होता. पण जागा वाटावयाच्या तर आकडे हवेत, म्हणून १९७२ च्या शिरगणतीचे आकडेच कायम ठेवले गेले. उमेदवाराने मात्र अर्जावर हिंदू, मुसलमान, चिनी की सर्वसाधारण, हे लिहिलेच पाहिजे. काही तरुणांनी लिहिण्यास नकार दिला आणि त्यांचे अर्ज फेटाळले गेले. ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेले. जुन्या आकड्यांच्या आधारे अशी सक्ती करणे योग्य नाही, असा निर्णय समितीने २०१२ मध्ये दिला. २०१४ च्या निवडणुकीपुरती सरकारने सूट दिली, नंतर ती संपली. २०१९ मध्ये रकाना कोरा ठेवणाऱ्यांचे अर्ज पुन्हा बाद झाले. योजना रद्द करा म्हटले की लहान समाज, विशेषतः मुसलमान, विचारतात की त्या जागी कोणती खात्री देता. नवी शिरगणती करा म्हटले की सगळेच घाबरतात. दोघांचेही भय खोटे नाही. म्हणून २०२४ मध्येही जादा जागांचा हिशेब झाला तो १९७२ साली मोजलेल्या माणसांवरून. त्या साली पाळण्यात मोजलेले मूल ह्या निवडणुकीत बावन्न वर्षांचे झाले होते.